मांजरीला जाताना, फाटकाशी थांबताना

आमच्या पेठेतली माणसं मुलाकडे अमेरिकेत राहून आली, की पुढे वर्षभर इमारतीच्या जिन्यात प्रवासवर्णन चालू असतं. तिथले रस्ते, तिथली शांतता, तिथले न वाजणारे हॉर्न. मांजरीला मात्र कोणी गेल्याचं माझ्या ऐकण्यात नाही. खरं तर हडपसर ओलांडलं की मांजरी जवळच. पण पेठेच्या भूगोलात पृथ्वी स्वारगेटपाशी संपते. म्हणून, न गेलेल्यांसाठी हे लिहितो आहे. मी मांजरीला गेलो आणि परत आलो. यातले शेवटचे दोन शब्द लिहिताना हात थोडा थबकला, ते का, ते पुढे येईलच.

निमित्त तात्याच्या वास्तुशांतीचं. तात्या हा कॉलेजच्या वसतिगृहातला माझा खोलीसोबती. तो पदवी घेऊन उसात परत गेला, मी पदवी घेऊन इतिहास शिकवायला लागलो. त्याच्या उसाच्या काही भागावर आता इमारती उभ्या राहिल्या होत्या आणि उरलेल्या भागात त्याने बंगला बांधला होता. मोटारसायकलींना पुढच्या चाकाला डिस्क ब्रेक येऊ लागले होते, तेव्हाची गोष्ट. माझ्याकडे तशी एक होती. प्रश्न होता तो माझ्या बायकोचा.

आदल्या पावसाळ्यात आम्ही दोघं सांडलेल्या वाळूवरून घसरून पडलो होतो. सुधाचं मनगट प्लॅस्टरमध्ये गेलं, आणि प्लॅस्टर निघालं तरी ती माझ्यामागे बसली नव्हती. रागावली नव्हती. फक्त रिक्षाने जायची. तात्याचं आमंत्रण आलं तेव्हा मी सहज म्हणालो, "गाडीवर जाऊ या का?"

"तुमची गाडी ब्रेक दाबला की किंचाळते," ती म्हणाली. "ती आधी थांबवा. मग बघू."

नाना पेठ

नाना पेठेत गाड्यांचे सुटे भाग मिळतात आणि अपमान मोफत मिळतो. पुढचं चाक मी घरीच उघडलं होतं आणि जुने ब्रेक पॅड कागदात गुंडाळून नमुना म्हणून नेले होते. दुकानदाराने पुडी सोडली, पॅड दोन बोटांत धरून उजेडात पाहिले.

"हे पॅड आहेत, की त्यांची आठवण?"

"अजून थोडं अस्तर शिल्लक आहे," मी म्हणालो.

"आहे ना. आरशासारखं चकाकतंय. भांग पाडता येईल यात."

त्याचं खरं होतं. घासून घासून त्या पॅडवर काचेसारखा थर चढला होता. किंकाळी येत होती ती त्याची. नव्या पॅडचा डबा पुढे सरकवत तो म्हणाला, "डिस्क नीट तयार करा आधी. नाहीतर आठ दिवसांनी हे पण किंचाळतील आणि तुम्ही मला येऊन ओरडाल." जुने पॅड त्याने कचऱ्याच्या डब्याकडे नेले. मी ते परत मागून घेतले. ते का, हे पेठेबाहेरच्या वाचकाला समजावून सांगणं अवघड आहे. आम्ही काही टाकत नाही, इतकंच.

इमारतीचं आवार

डिस्क तयार करायची म्हणजे काय, हे मी गाडीसोबत आलेल्या पुस्तिकेत वाचलं आणि हादरलो. इतके दिवस मी समजत होतो, की डिस्क ही, म्हणजे ब्रेक दाबला की पॅड जिला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरतात ती थाळी, जितकी गुळगुळीत आणि चकचकीत तितकी चांगली. उलट होतं. पॅड आणि डिस्क यांचं एकमेकांशी घासून जमायला हवं. आधी डिस्कची जाडी पाहायची, फार झिजली असेल तर बदलायची. माझी अजून चालण्याजोगी होती. मग जुन्या पॅडचा बसलेला थर दोन्ही बाजूंनी सँडपेपरने गोल गोल फिरवून काढायचा, सगळी चकाकी मारायची आणि शेवटी स्वच्छ कापडावर स्पिरिट घेऊन पुसायची. त्यानंतर डिस्कला बोटसुद्धा लावायचं नाही. बोटाचं तेल लागतं.

मी आवारात बसकण मारून घासू लागलो. तळमजल्यावरचे आपटेकाका पेपर घेऊन बाहेर आले.

"काय, भांडी घासताय?"

"हो."

"घरातली झाली?"

मी घासत राहिलो. पण आमच्याकडे गप्प बसण्याने कोणी जात नसतं. काका खुर्ची घेऊन आले. सुधा गॅलरीतून बघत होती. दोन्ही बाजू घासून झाल्या, स्पिरिटने पुसून झाल्या, कापडावर काळं येईना तेव्हा मी समाधानाने चाक फिरवून बघितलं.

"हात लावायचा नाही म्हणालात ना?" वरून आवाज आला.

"नाही लावत."

"आत्ता लावलात. अंगठा. खालच्या बाजूला."

लावला होता. मी परत पुसली. आपटेकाका म्हणाले, "वहिनींना खाली बोलवा आणि तुम्ही वर जा." नवे पॅड बसवले, हँडलचा ब्रेक कडक लागेपर्यंत दाबत राहिलो, आणि काम संपलं असं मला वाटलं. पुस्तिकेचं पुढचं पान उलटलं तर त्यात लिहिलं होतं, की आता मोकळ्या रस्त्यावर जाऊन पॅड आणि डिस्क यांची ओळख करून द्यायची: वेग घ्यायचा, ब्रेक दाबून कमी करायचा, पूर्ण थांबायचं नाही, पुन्हा वेग.

पर्वतीचा पायथा

दुसऱ्या दिवशी सकाळी ही ओळख करून द्यायला मी पर्वतीच्या पायथ्याच्या रस्त्यावर गेलो. पळायचं, मंदावायचं, पळायचं, मंदावायचं. फिरायला आलेल्या ज्येष्ठांचा एक घोळका माझ्याकडे बघत होता. काही फेऱ्यांनंतर त्यातल्या एकाने काठी आडवी धरली.

"अहो, एकदा ठरवा. थांबायचंय की जायचंय?"

"ब्रेक बसवतोय नवीन."

"आपण बसवताय, पण आम्हाला उभं राहावं लागतंय."

पण ब्रेक बसला. किंकाळी गेली होती. हलकं दाबलं तरी गाडी मऊपणे, आवाज न करता, मुठीत आल्यासारखी थांबत होती. सुधाला मी इमारतीच्या फाटकापाशी आवाज ऐकवला, म्हणजे न येणारा आवाज ऐकवला. तिने पदर खोचला, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि बसली. हात खांद्यावर होता, पण त्याची पकड मला हडपसरपर्यंत जाणवत होती.

मांजरी

मांजरीच्या वळणावर मला पहिला जबर धक्का बसला. रस्त्यावर कमानीएवढा फ्लेक्स होता. मध्ये तात्या, हात जोडून. वर स्थानिक पुढारी, हात जोडून. आणि खालच्या ओळीत, गोल चौकटीत, मी. फोटो वसतिगृहाच्या जमान्यातला, डोक्यावर भरपूर केस. खाली लिहिलं होतं: 'पुण्यनगरीचे थोर विचारवंत'.

"थांबा," सुधा मागून म्हणाली. "मला थोर विचारवंतांच्या मागून उतरून एकदा समोरून बघायचंय."

मी थांबलो. ब्रेक उत्तम होता. विचारवंत मात्र हलले होते. पेठेत एखाद्याला थोर म्हणायचं तर तो आधी मरावा लागतो, आणि तरीही दोन-तीन जण शंका काढतातच.

बंगल्यापुढे मांडव, स्पीकर, खुर्च्यांना पांढरी वस्त्रं. तात्या धावत आला, मला मिठी मारली. "मास्तर! आला ना तू! वहिनी, या, या. हाय का न्हाय घर?" बंगल्याचा पुढचा दिवाणखाना सगळा पांढऱ्या मार्बलचा होता. घरात शिरताना प्रत्येक जण आधी पायांकडे आणि मग छताकडे बघत होता.

वास्तुशांतीला नव्या घरात गाय आणतात. तात्याची गाय तगडी, शिंगांना रंग, पाठीवर झूल. पायरी तिने दिमाखात चढली, उंबरा ओलांडला, आणि मार्बलवर पहिला खूर पडला तसा तो सरकला. पुढचे पाय फाकले. गाय आयुष्यात पहिल्यांदा घसरली असावी. तिच्या डोळ्यांत जे होतं ते मी विसरणार नाही. भटजी मंत्र थांबवून मागे झाले. स्पीकरवर सनई चालूच होती.

"पोती आणा रं!" तात्या ओरडला. "लवकर! पोती!" गोठ्यातून बारदानाची पोती आली, मार्बलवर अंथरली गेली, आणि गाय त्यावरून शांतपणे चालत देवघरापर्यंत गेली. खुरांना खरखरीत काही मिळाल्यावर तिचा सगळा रुबाब परत आला.

जेवणाचं सांगायला हवं. आमच्याकडे पाहुण्याला काय हवं ते विचारतात. मांजरीत आधी वाढतात आणि मग कोणाचं काय उरलं ते बघतात. काळ्या मसाल्याची आमटी, वांगी, बाजरीच्या भाकरीवर लोण्याचा गोळा, आणि गुळवणीत बुडवलेली पुरणपोळी. मी एका पोळीला नको म्हणालो तर वाढणाऱ्या बाईंनी माझ्या तब्येतीची चौकशी सुरू केली. दुसरीला नको म्हणायची मला हिंमत झाली नाही.

पुढारी यायला संध्याकाळ झाली. त्यांनी नव्या घराला सोडून बाकी सगळ्या विषयांवर भाषण केलं. मला शाल आणि नारळ मिळाला. भाषणात त्यांनी मला भूगोलाचा प्राध्यापक केलं. मी दुरुस्ती सुचवणार होतो, पण मांजरीत येऊन माझाही भूगोल सुधारला होता, तेव्हा गप्प राहिलो. आम्ही मुक्काम केला. तात्याची लेक आणि जावई भोरहून आले होते, तेही राहिले. जावयाचीही डिस्क ब्रेकची नवी मोटारसायकल. सुधा झोपताना एवढंच म्हणाली, "तुमचा ब्रेक बरा आहे." असं प्रशस्तिपत्र मला विद्यापीठानेही कधी दिलं नव्हतं.

फाटक

सकाळी बाहेर आलो तर माझी मोटारसायकल चमकत होती. कधी नव्हे इतकी. टाकी, मडगार्ड, स्पोक, सायलेन्सर. चिखलाचा थेंब नाही.

"तुझी गाडी लई मळलीवती," तात्या हात पुसत म्हणाला. "धुऊन काढली सकाळी. पाहुणा जाताना आपल्याकडं गाडीला वंगण घालून लावून देतात, आपला रिवाज हाय. माझा बाप पाहुण्याच्या बैलगाडीच्या आसाला स्वतः वंगण भरायचा. गडी हात लावायचा न्हाय."

मला भरून आलं. खरंच आलं. निघताना मी नेहमीप्रमाणे ब्रेक दाबून पाहिला. कडक होता. बायकोला बसवलं, तात्याला हात केला आणि आम्ही निघालो.

गावाबाहेर रेल्वेचं फाटक आहे. आम्ही पोचत होतो आणि फाटकाचा दांडा खाली येत होता. दूरवर मालगाडीचा भोंगा. भरपूर अंतर होतं. मी ब्रेक दाबला.

काही झालं नाही.

मी आणखी दाबला. हँडल हाताला पुरेपूर कडक लागत होतं आणि गाडी तशीच जात होती, जणू मी दुसऱ्याच कोणाच्या गाडीचा ब्रेक दाबत होतो. दांडा आता आडवा झाला होता. सुधाची बोटं माझ्या खांद्यात रुतली. ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. मी सगळा भार पायाखालच्या मागच्या ब्रेकवर टाकला. मागचं चाक घसटत गेलं, गाडी आडवी होऊ लागली, सावरली, आणि पुढचं चाक दांड्याच्या खालून आत जाऊन हेडलाइट दांड्याला टेकला तेव्हा थांबलो. मालगाडी समोरून जाऊ लागली. तिचे डबे संपत नव्हते. मला त्या डब्यांवरचे आकडेसुद्धा वाचता येत होते, इतके ते जवळ होते.

सुधा उतरली. रस्त्याच्या कडेला जाऊन उभी राहिली. मी वाकून बघितलं. डिस्क दोन्ही बाजूंनी ओलसर चमकत होती. मी बोट लावलं, आता लावायला हरकत नव्हती. तेल. एकसारखं, निगुतीने, कडेपासून कडेपर्यंत लावलेलं तेल. पॅडच्या फटींतूनही ते झिरपलं होतं.

"तात्या," मी म्हणालो. ज्या पृष्ठभागाला मी अंगठा लागू दिला नव्हता, त्याला त्याने प्रेमाने तेल चोळलं होतं.

"त्यांना सांगणार का?" सुधाने विचारलं.

"कसं सांगू? पहाटे उठून स्वतःच्या हातांनी केलंय त्याने."

"मग नका सांगू. मी रिक्षा बघते."

इतक्यात मागून तात्याच आला, आपल्या जुन्या मोटारसायकलवरून. आम्ही विसरलेला पुरणपोळ्यांचा डबा हातात. दोन्ही चाकांना ड्रमचे, म्हणजे चाकाच्या आत झाकलेले ब्रेक असलेली ती गाडी त्याने झोकात थांबवली.

"फाटकानं अडवलं व्हय! बरं झालं, सापडलास. काय पळती का न्हाय आता गाडी लोण्यावानी?"

"पळते," मी म्हणालो. ते खोटं नव्हतं.

"ती पुढची थाळी लई खरखरीत झालीवती तुझी. कुणी घासलीवती का काय? गंज धरला असता. तेल चोळलं चांगलं." तात्या खूश होता. "जावईबापूंची पण तशीच करून ठिवली. दुपारी निघायचेत, कात्रजचा घाट उतरून भोरला. लेक हाय संगं."

मला वाटतं, मी ओरडलो. काय ओरडलो ते आठवत नाही. सुधा पुढे आली आणि एका दमात, अगदी थंडपणे म्हणाली, "तात्याभावजी, आम्ही आत्ता त्या मालगाडीखाली जाणार होतो. तेलामुळे. ब्रेक लागला नाही. तुमच्या लेकीला निघू देऊ नका."

तात्या तिच्याकडे बघत राहिला. मग दांड्याखाली घुसलेल्या चाकाकडे, मग रस्त्यावरच्या घसटल्याच्या काळ्या पट्ट्याकडे. डबा त्याच्या हातातून मी घेतला, नाहीतर पडला असता.

"पण तेलानं तर... चाक हलकं फिरतं ना?"

"आसाला, तात्या. ही थाळी फिरायला नाही, थांबवायला आहे. ती खरखरीत मीच केली होती. पकड मिळावी म्हणून."

तो वाकून थाळीकडे बघत राहिला. मग त्याचे ओठ हलले. "म्हंजी मार्बलवरली गाय," तो म्हणाला. "मी पोतं काढून घेतलं, आन् वर तेल वतलं."

लेकीला लावायला त्याने खिशातून मोबाइल काढला. नवा होता, आकडे दाबताना बोट चुकत होतं. "कुठंय गाडी? ... उभीच हाय ना? चावी काढ. चावी काढून आईकडं दे. का म्हणून इचारू नको. काढ आधी."

परत मांजरी

बंगल्यापर्यंत गाडी मी ढकलत नेली. तात्या आपली गाडी बंद करून शेजारून ढकलत चालला, चालू गाडीवर बसायला तो तयार नव्हता. सुधा डबा घेऊन मागे.

मांडवात दोन्ही मोटारसायकली उभ्या केल्या. जावईबापू म्हणत होते, "मामा, मी घेतली असती हळू." तात्याने त्यांच्याकडे असं बघितलं, की ते पुढचं वाक्य विसरले. औषधाच्या दुकानातून स्पिरिट आलं, धुतलेलं धोतर फाडून फडकी झाली. मी पॅड धरून ठेवणारे कॅलिपर सोडले. तेल प्यायलेले पॅड कितीही पुसले तरी भरवशाचे राहत नाहीत, हेही पुस्तिकेत होतं. जावयाकडे दुसरे पॅड नव्हते. तेव्हा त्यांची गाडी तिथेच राहायची आणि दोघांनी एसटीने जायचं ठरलं. ते ठरवताना तात्याने कोणाचंच ऐकून घेतलं नाही.

माझ्या हत्यारांच्या पिशवीत मात्र कागदाची एक पुडी होती. ते किंचाळणारे, आरसा झालेले, नाना पेठेतून परत मागून आणलेले पॅड. सँडपेपरने त्यांची चमक मी उतरवली. उरलेलं अस्तर हळू चालवत घरी पोचण्यापुरतं होतं.

डिस्क पुसायला तात्या खाली बसला. सुधाने त्याच्या हातातून फडकं काढून घेतलं.

"तुम्ही दोघं लांब बसा," ती म्हणाली. "एकाला अंगठा आवरत नाही, दुसऱ्याला माया आवरत नाही."

ती पुसत राहिली. फडकं बदलायची, स्पिरिट घ्यायची, चाक टायरला धरून थोडं फिरवायची, पुन्हा पुसायची. बरं झालेलं मनगट तिने मध्ये एकदा झटकलं. मी सँडपेपर दिला, तिने तोही फिरवला. गावातली माणसं गोल करून बघत होती. काल पुढाऱ्याच्या भाषणाला एवढी शांतता नव्हती. शेवटी तिने आपला पांढरा रुमाल काढला, डिस्कवरून फिरवला, उजेडात धरला. दोन्ही बाजू पाहिल्या. रुमाल पांढराच होता.

मी ते पॅड बसवले आणि अंगणात फेऱ्या मारून ब्रेक लावून पाहिला. पहिल्यांदा कुरकुरला, मग धरला. मग गाडी अंगणाच्या मध्यावर ठामपणे उभी राहिली. मी सुधाकडे बघितलं नाही. तात्या तिच्याकडे बघत होता.

"वहिनी, जीप काढतो. मास्तर येईल मागून."

सुधाने रुमालाची घडी घातली आणि कमरेला खोचली. "नको," ती म्हणाली. "आता तिला फक्त माझा हात लागलाय." आणि येऊन बसली.

निघताना तात्या जवळ आला. त्याच्याकडे पाहुण्याला निरोप देताना गाडीच्या पुढच्या चाकावर, हँडलवर, दिव्यावर थोपटायची सवय असावी, कारण त्याचा हात आपोआप पुढे आला. तळव्याच्या रेघांत सकाळचं तेल अजून होतं. तो मध्येच थांबला. हात त्याने मागे घेतला, दुसराही घेतला, आणि दोन्ही पाठीमागे बांधून उभा राहिला.

वळणावर मी आरशात पाहिलं. फ्लेक्सवर हात जोडलेला तात्या, आणि त्याच्या खाली, रस्त्यावर, पाठीमागे हात बांधलेला तात्या. सुधाचा हात माझ्या खांद्यावर होता. फाटक उघडं होतं. तरीही मी तिथे एकदा थांबून पाहिलं.